धर्म, नीती आणि स्वभाव : आधुनिक मराठी गद्यातील एका वादाची शब्दमीमांसा

धर्मावाचून नीती टिकेल काय, हा प्रश्न मराठी गद्यात एकोणिसाव्या शतकापासून पुनःपुन्हा विचारला गेला आहे आणि त्याला मिळालेली उत्तरे आपण ग्रंथकारांच्या पक्षांवरून लावीत आलो आहोत. आगरकर बुद्धिवादी, म्हणून त्यांचे उत्तर होकारार्थी. टिळक परंपरानिष्ठ, म्हणून त्यांचे नकारार्थी. आणि जोतीराव फुले यांना कोठे बसवावे हे नीटसे न उमगल्यामुळे त्यांना कधी आस्तिक सुधारक तर कधी नुसते बंडखोर म्हणून मोकळे व्हावयाचे, असा आपल्या पदव्युत्तर वर्गांतील विवेचनाचा शिरस्ता आहे. या वर्गीकरणात खोटे फारसे काही नाही; परंतु त्याने वाद उलगडत नाही. वादी आणि प्रतिवादी एकच शब्द निरनिराळ्या अर्थी वापरीत असतील, तर त्यांचे मतभेद कोठे खरे आहेत आणि कोठे केवळ भासमान आहेत, हे शब्दांची तपासणी केल्यावाचून सांगता येत नाही. प्रस्तुत लेखात ‘धर्म’, ‘नीती’ आणि ‘स्वभाव’ या तीन शब्दांचा काही मराठी ग्रंथकारांनी केलेला व्यवहार पाहावयाचा आहे. लेखकाचा व्यवसाय भाषाशास्त्राचा असल्यामुळे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना यातील काही भाग अपुरा वाटेल. त्यास इलाज नाही.

प्रथम ‘धर्म’. मराठी माणूस हा शब्द दिवसाकाठी किती निरनिराळ्या ठिकाणी वापरतो हे मोजू गेल्यास आश्चर्य वाटते. उष्णता हा अग्नीचा धर्म, येथे धर्म म्हणजे गुण. शेजारधर्म, पुत्रधर्म, राजधर्म, येथे कर्तव्य. कुळधर्म म्हणजे घराण्यात चालत आलेले देवदेवतांचे आचार. ‘धर्म करा माय’ असे दाराशी उभा राहून म्हणणारा भिकारी पीठ किंवा पैसा मागत असतो. धर्मशाळा आणि धर्मार्थ दवाखाना यांतला धर्म तोच. आणि ‘तुमचा धर्म कोणता?’ या प्रश्नाला जेव्हा आपण हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असे उत्तर देतो तेव्हा धर्म म्हणजे पंथ, उपासनामार्ग, समुदाय. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१; दुसरी आवृत्ती १८५७) यांपैकी बरेच अर्थ एकाच नोंदीखाली सापडतात. शेवटचा अर्थ जुन्या भाषेत अजिबात नव्हता असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु तो बाकीच्या अर्थांच्या डोक्यावर येऊन बसला तो एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांशी झालेल्या वादांमुळे, यात शंका वाटत नाही. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरास निघाला. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी उघड वाद केले आणि १८५९ मध्ये ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ सिद्ध केला. प्रतिपक्ष आपल्या धर्माला एक ग्रंथ, एक संस्थापक आणि एक श्रद्धासूत्र आहे असे सांगत असता, उत्तर देणाऱ्यालाही आपला ‘धर्म’ त्याच घाटात ओतावा लागला. वादात शत्रूचे शस्त्र जितक्या लवकर आपल्या हाती येते, तितकी त्याची व्याख्याही येते.

याच शब्दाविषयी ध्वनिशास्त्रातील एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. संस्कृतातील ‘र्म’ हा जोडवर्ण प्राकृतात ‘म्म’ होतो आणि मराठीत पूर्वस्वर दीर्घ होऊन एकच ‘म’ उरतो. कर्म, कम्म, काम. घर्म, घम्म, घाम. चर्म, चम्म, आणि त्यावरून चाम, चामडे. या न्यायाने धर्माचे ‘धम्म’ आणि पुढे ‘धाम’ व्हावयास हवे होते. प्राकृतात ‘धम्म’ झालेही. मराठीत मात्र ‘धाम’ झाले नाही. जे ‘धाम’ आहे ते निवासस्थान या अर्थाचे, वेगळ्या मूळाचे आहे. खेड्यापाड्यांत फार तर ‘धरम’ असा उच्चार ऐकू येतो, तो उसन्या संस्कृत शब्दाचा सैल उच्चार आहे, वारसाहक्काने आलेला शब्द नव्हे. ‘कर्म’ हा शब्द शास्त्र्यांनी ठेवून घेतला आणि ‘काम’ लोकांनी वापरून गुळगुळीत केला. एका शब्दाचे असे दोन वाटे झाले. धर्माचा लोकांकडील वाटा मधल्या काळात हरवला. एका ध्वनिपरिवर्तनाच्या अभावावरून समाजशास्त्र रचणे योग्य नव्हे, हे मी जाणतो. तरीही हा शब्द लोकभाषेत संस्कृत रूपातच पुनःस्थापित झाला, म्हणजे ज्यांच्याकडे संस्कृत होते त्यांच्या हातून तो आला, एवढे अनुमान काढण्यास प्रत्यवाय नसावा.

‘नीती’ची कथा याहून निराळी आहे. नी म्हणजे नेणे, या धातूपासून झालेला हा शब्द जुन्या वाङ्मयात वाट दाखविणारे शहाणपण, विशेषतः राजकारणातील शहाणपण, या अर्थी येतो. भर्तृहरीच्या ज्या नीतिशतकाचे वामन पंडितांनी मराठीत रूपांतर केले, त्यातील नीतीत सज्जनपणा आहे तसे व्यवहारचातुर्यही आहे. इंग्रजी शिक्षणानंतर या शब्दावर सदाचारशास्त्राचा अर्थ लादला गेला; आणि त्याच सुमारास बोलीत त्याचा संकोच झाला. आज एखादी व्यक्ती ‘अनीतीने वागते’ असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या मनात तिने खोटा दस्तऐवज केला किंवा मजुराचा पगार बुडविला असे येत नाही. स्त्रीपुरुषसंबंधच येतो, आणि त्यातही ती व्यक्ती स्त्री असेल तर निश्चितच येतो. ज्या भाषेत सावकाराच्या लबाडीला ‘व्यवहार’ आणि विधवेच्या गरोदरपणाला ‘अनीती’ म्हणतात, त्या भाषेत नीतिशास्त्र लिहिणाऱ्याने आपल्या मुख्य शब्दाची आधी डागडुजी करणे अगत्याचे असते. आपल्याकडील फार थोड्या ग्रंथकारांनी ती केली.

ही डागडुजी सर्वांत नेटाने करणारा ग्रंथ नीतिशास्त्राच्या यादीत कधी येत नाही. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेस बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर जे तोंडसुख घेण्यात आले, त्याला हे उत्तर होते. ताराबाईंच्या लेखनाला आपण ‘आवेशपूर्ण’ हे विशेषण लावून बाजूला ठेवतो. आवेश आहेच, पण त्याखाली एक काटेकोर पद्धती आहे. स्त्रियांच्या ‘स्वभावा’त असतात असे परंपरेने सांगितलेले दोष त्या एकेक करून घेतात, साहस, कपट, संशय, अविचार, आणि प्रत्येक दोष पुरुषांत तितका किंवा त्याहून अधिक आहे हे रोजच्या अनुभवातील उदाहरणांनी दाखवितात. ही केवळ उलट शिवी नव्हे. जो गुण दोन्ही वर्गांत आढळतो तो एका वर्गाचा स्वभाव म्हणून सांगता येत नाही, हा तर्कशास्त्राचा साधा नियम त्या लावीत आहेत. पतीला देव मानावे हा स्त्रीचा धर्म असेल, तर पतीने देवासारखे वागणे हा त्याचा धर्म का नाही, असे त्या विचारतात तेव्हा ‘धर्म’ शब्दातील कर्तव्याचा अर्थ त्यांनी परस्परसंबंधी केलेला असतो: एकाकडे कर्तव्य असेल तर दुसऱ्याकडेही असलेच पाहिजे.

‘स्वभाव’ हा शब्द मराठीत मुळातच निराशावादी आहे. स्वभावाला औषध नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. या म्हणींचे काम माणसाचे वर्णन करण्याचे नसते. त्याच्याविषयी पुढे काही करावयाचे नाही, हे ठरविण्याचे असते. जोपर्यंत म्हण एका माणसाविषयी आहे तोवर तीत विनोद असतो. ती जातीविषयी किंवा स्त्रियांविषयी वापरली की तिचा कायदा होतो. ताराबाईंनी हे ओळखले. त्यांच्या पुस्तकावर टीका झाली तेव्हा १८८५ मध्ये ‘सत्सारा’च्या दुसऱ्या अंकात जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली, हा केवळ सत्यशोधकी स्नेह नव्हता, दोघांचा प्रश्न एकच होता.

जोतीरावांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ १८८८ मधील पक्षाघातानंतर डाव्या हाताने लिहिला गेला आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापला गेला. त्याची भाषा ओबडधोबड आहे अशी तक्रार करण्याची आपल्या समीक्षकांना सवय आहे. माझ्या मते त्या भाषेत एक शब्द असा आहे की ज्याच्याविषयी भाषाशास्त्रज्ञाने थांबून विचार करावा, तो म्हणजे ‘निर्मीक’. संस्कृत व्याकरणाने निर्माता होते. निर्मीक हे रूप त्या व्याकरणात सरळ बसत नाही. ‘निर्मिणे’ या मराठी क्रियापदाच्या अंगाला ‘क’ लावून ते झालेले दिसते. ईश्वर, परमेश्वर, ब्रह्म, भगवान हे शब्द हाताशी असता जोतीरावांनी हे अडाणी वाटणारे रूप का पत्करले? कारण पहिल्या प्रत्येक शब्दाला एक पुराण, एक मंत्र आणि एक पुरोहित चिकटलेला होता. निर्मीकाला अवतार नाहीत, बायका नाहीत, नैवेद्य नाही. त्याने निर्माण केले, एवढीच त्याची माहिती त्या शब्दात आहे. ज्याने फुले निर्माण केली त्यालाच ती फुले वाहण्यात काय हशील, असा युक्तिवाद जोतीराव करतात तो या शब्दातूनच निघतो.

त्यांनी पाप आणि पुण्य यांची व्याख्याही विधिनिषेधांच्या नव्हे, तर दुसऱ्या माणसाला होणाऱ्या पीडेच्या भाषेत केली. पुढे त्यांनी एका कुटुंबाची कल्पना मांडली आहे: बाईने बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्म स्वीकारावा, आणि चौघांनी एका घरात, एकमेकांचा द्वेष न करता राहावे. या उताऱ्याचा उल्लेख सर्वधर्मसमभावाचे उदाहरण म्हणून नेहमी होतो. मला त्यात आणखी काही दिसते. येथे धर्म अनेकवचनी आहे आणि वर्तन एकवचनी. पंथ या अर्थाचा धर्म माणसाने वाचून, निवडून घेण्याची वस्तू झाली. तो बाईने स्वतंत्रपणे निवडावा हेही गृहीत धरले गेले. आणि घर ज्यावर उभे राहावयाचे ती नीती चारही धर्मांच्या बाहेर ठेवली गेली. धर्म आणि नीती यांची फारकत मराठीत आगरकरांनी केली असे आपण शिकवितो. ती एका स्वयंपाकघरात करून दाखविण्याचे काम जोतीरावांनी केले.

अडचणी त्यांच्याकडेही आहेत. सर्व माणसे एका निर्मीकाची लेकरे म्हणून समान, असे म्हटले की समतेचा पाया एका घडलेल्या गोष्टीवर टाकला जातो. ती गोष्ट न मानणाऱ्याला समता का बांधील असावी, याचे उत्तर ग्रंथात मिळत नाही. माणूस मूळचा बरा आणि दुष्टावा काही धूर्तांनी रचलेल्या ग्रंथांमुळे आला, असे त्यांचे प्रतिपादन; परंतु ते धूर्तही निर्मीकाचीच लेकरे होती, त्यांच्यात कपट कोठून आले? आणि स्त्रीपुरुषांच्या प्रकरणात पुरुषाच्या लोभीपणाला ते जवळजवळ जातिस्वभाव ठरवितात, तेव्हा ताराबाईंनी मोडलेला तर्क ते उलट्या दिशेने पुन्हा जोडतात. संवादरूपाचा एक तोटा असा की प्रश्न विचारणारा फार लवकर समाधान पावतो.

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांच्याकडे वळताना एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ज्या १८८८ साली ‘सुधारक’ निघाला, त्याच साली त्यांचा वाक्यमीमांसेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. उद्देश्य आणि विधेय वेगळे काढावे, वाक्याचे पृथक्करण करावे, हे विद्यार्थ्यांना शिकविणारा हा माणूस त्याच हाताने रूढींचे पृथक्करण करीत होता. कोणतीही रूढी समोर आली की ती कोण करते, कोणासाठी करते आणि त्यापासून सुख किंवा दुःख कोणास होते, हे प्रश्न ते विचारतात. व्याकरणातील कर्ता, कर्म आणि प्रयोजन यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. केशवपन ‘होते’ अशा अकर्तृक वाक्यरचनेमागे लपलेला न्हावी, बाप आणि सासरा त्यांनी वाक्यात ओढून आणला. हे त्यांच्या गद्याचे सर्वांत मोठे नैतिक कार्य आहे असे मला वाटते.

देवतांच्या कल्पना कशा उत्पन्न झाल्या हे सांगताना आगरकरांनी स्पेन्सरचा आधार घेतला, सुखाच्या मीमांसेत मिल्लचा. धर्मकल्पना जर मनुष्याच्या अज्ञानातून आणि भयातून क्रमाने वाढल्या असतील, तर नीतीला त्यांच्यावर अवलंबून राहण्याचे कारण नाही. ती समाजात राहण्याच्या गरजेतून निघते आणि ज्ञानाबरोबर सुधारते, असा त्यांचा एकंदर सिद्धान्त. यात मनुष्यस्वभावाचे जे चित्र गृहीत आहे ते विकार आणि विचार यांच्या झगड्याचे आहे. हॅम्लेटच्या भाषांतराला त्यांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ हे नाव दिले, हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. स्वभाव या स्थिर शब्दाऐवजी विकार हा चल शब्द. विकार म्हणजे बदल. वर्णांच्या बदलालाही वैयाकरण विकारच म्हणतात. जे बदलून तसे झाले ते पुन्हा बदलू शकते.

दोष दाखवावयाचा तर तो त्यांच्या ‘आपण’ या सर्वनामात आहे. आगरकर मनुष्यमात्राविषयी सिद्धान्त मांडतात, पण त्यांची उदाहरणे बहुधा एका विशिष्ट घरातील असतात: सोवळे, प्रेतसंस्कार, बालविवाह, केशवपन. त्या घरात वाढलेल्याच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली ज्याने पाहिली त्याच्याविषयी ती घेणे अशोभनीय होईल. परंतु समाजाच्या गरजेतून नीती निघते असे म्हणताना ‘समाज’ म्हणजे किती लोक, हा प्रश्न शिल्लक राहतो. जात हाही एक समाजच आहे आणि तिच्या गरजेतूनही एक नीती निघतेच.

टिळकांच्या ‘गीतारहस्या’त (१९१५) या प्रश्नांची मांडणी मराठीत प्रथमच पद्धतशीर झाली, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावे. आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक असे नीतिविचाराचे तीन मार्ग ते पाडतात आणि चार्वाकापासून हॉब्ज, बेंथॅम, मिल्ल यांच्यापर्यंत सुखवादाची छाननी करतात. मनुष्य जे काही करतो ते अखेर स्वतःसाठीच, हे हॉब्जचे मत आणि सर्व काही आत्म्यासाठीच प्रिय होते हा याज्ञवल्क्याने मैत्रेयीला केलेला उपदेश, यांतील शाब्दिक साम्य दाखवून मग ‘स्व’ किंवा ‘आत्मा’ या शब्दाचा अर्थ दोघांच्या मनात किती भिन्न आहे, हे त्यांनी उलगडले आहे. शब्दार्थाच्या छाननीचा याहून चांगला नमुना त्या काळच्या मराठीत मला आढळला नाही. अमेरिकेतील एका शहरातील ट्रामचे उदाहरणही मार्मिक आहे: लाच देऊन ट्राम लवकर सुरू करून घेतली, पुष्कळांचे पुष्कळ सुख साधले, तरी कृत्य दोषार्ह ठरले, कारण नीती बाह्य परिणामांवरून नव्हे, कर्त्याच्या बुद्धीवरून ठरते.

इतक्या सूक्ष्म लेखकाने ‘धर्म’ शब्दाच्या बाबतीत मात्र सूट घेतली आहे. पारलौकिक सुखाचा मार्ग हा धर्माचा अर्थ अपुरा आहे. राजधर्म, प्रजाधर्म, देशधर्म, जातिधर्म, कुलधर्म, मित्रधर्म यांतील धर्म समाजाच्या धारणेचे नियम सांगतो, असे ते प्रारंभीच स्पष्ट करतात. हा व्यापक अर्थ घेतल्यास ‘धर्मावाचून समाज टिकणार नाही’ हे वाक्य जवळजवळ पुनरुक्ती होते: धारण करणाऱ्या नियमांवाचून धारणा होणार नाही. त्यात खोडून काढण्यासारखे काही उरत नाही, आणि सिद्ध करण्यासारखेही. परंतु वाचकाच्या मनात त्याच शब्दाचा पंथवाचक अर्थही जागा असतो, आणि व्यापक अर्थाने मिळविलेली संमती त्या संकुचित अर्थाच्या खाती जमा होते. टिळकांनी हे हेतुपूर्वक केले असे मी म्हणत नाही. त्या यादीतील जातिधर्म हा शब्द मित्रधर्माच्या पंक्तीला कसलीही चौकशी न होता बसला आहे, एवढेच दाखवावयाचे आहे. पुढे नीतीचा अंतिम निकष म्हणून ते स्थितप्रज्ञाची शुद्ध, सम बुद्धी ठेवतात. ती कोणाजवळ आहे हे कोणी ठरवावयाचे? आगरकरांच्या निकषाने एखादी विधवाही आपल्या दुःखाची साक्ष देऊ शकते; या निकषाने तिला प्रथम स्थितप्रज्ञ शोधावा लागेल.

या सर्व वादाला खरे उत्तर मराठी गद्याच्या बाहेरून, पण मराठी समाजातून आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मधील ‘जातिनिर्मूलना’च्या विवेचनात नियम आणि तत्त्व असा भेद करून, हिंदू ज्याला धर्म म्हणतात तो विधिनिषेधांचा संग्रह आहे असे म्हटले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धर्मांतर झाले आणि त्यांचा बुद्ध व धम्म यांवरील इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये निघाला. त्यात धर्म आणि धम्म हे दोन भिन्न पदार्थ मानले आहेत. पहिल्याचा विषय देव, आत्मा, सृष्टीची उत्पत्ती; दुसऱ्याचा विषय माणसाचे माणसाशी वर्तन. एकटा माणूस असेल तर त्याला धम्माची गरज नाही; दोन माणसे एकत्र आली की ती टाळता येत नाही. पहिल्यात नीती बाहेरून जोडलेली असते, दुसऱ्यात नीती हाच गाभा. पण ते तेथेच थांबत नाहीत. चोरांच्या टोळीतही नीती असते, व्यापाऱ्यांत असते, जातीजातींत असते. ती गटाचे रक्षण करते आणि गटाबाहेरच्याला मोकळा सोडते. म्हणून नीती नुसती उपयुक्त असून भागत नाही. ती सार्वत्रिक आणि पवित्र असावी लागते. आगरकरांच्या ‘समाजा’विषयी आणि टिळकांच्या ‘जातिधर्मा’विषयी वर जो प्रश्न शिल्लक ठेवला, त्याला एकाच ठिकाणी दिलेले हे उत्तर आहे. पवित्र शब्दाने धर्म मागच्या दाराने परत येतो, असा आक्षेप घेता येईल, आणि तो क्षुल्लक नाही. परंतु ज्याने पाण्यासाठी सत्याग्रह केला त्याला उपयुक्ततेवरची नीती कोठे संपते हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

शब्दांचा विचार केला तर येथे जोतीरावांचीच युक्ती दुसऱ्या रीतीने वापरली आहे. जोतीरावांनी नवा शब्द घडविला. आंबेडकरांनी मधल्या काळात हरवलेला ‘धम्म’ पालीतून परत आणला. हा शब्द या भूमीला परका नव्हता. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा १८८२ मध्ये सोपाऱ्यास सापडला. त्या शासनाचा विषय धम्मयात्रा हा आहे. नवव्या शासनाचा तुकडाही तेथेच, योगायोगाने १९५६ मध्येच, मिळाला; त्यात नाना प्रकारची मंगलकृत्ये करण्यापेक्षा दासांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांविषयी संयम बाळगणे हेच खरे मंगल, असा उपदेश आहे. कंदाहार येथे १९५८ मध्ये सापडलेल्या द्वैभाषिक लेखात याच शब्दासाठी ग्रीकमध्ये भक्तिभाव या अर्थाचा आणि अरमाईकमध्ये सत्य या अर्थाचा शब्द योजलेला आहे. हा शब्द भाषांतरकारांना दोन हजारांहून अधिक वर्षे चकवीत आला आहे, तेव्हा मिशनऱ्यांना फार दोष देण्यात अर्थ नाही.

चवदार तळ्याच्या सत्याग्रहापासून (२० मार्च १९२७) या चळवळीच्या मराठीत जो आणखी एक शब्द ठळक झाला, तो ‘माणुसकी’. या शब्दाचे समीक्षक कौतुक करतात, पण त्याचा प्रत्यय कोणी पाहत नाही. ‘की’ हा प्रत्यय मराठीत वतन, हक्क आणि नाते दाखवितो: पाटीलकी, गावकी, भावकी. आणि महारकी. १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेल्या महारकीत दुरुस्ती व्हावी म्हणून आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. ती वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. महारकी सोडा आणि माणुसकी घ्या, अशी जोडी बोलणाऱ्याच्या मनात असो वा नसो, भाषेने ती आधीच जुळवून ठेवली होती. जन्माने लादलेल्या एका वतनाच्या जागी जन्मानेच मिळालेले दुसरे वतन मागितले जात होते. ‘मानवता’ या संस्कृत शब्दात हक्काचा हा वास नाही. म्हणून भाषणात मानवता चालते आणि भांडणात माणुसकी लागते.

शेवटी एका व्यावहारिक प्रश्नाकडे वळतो. आंबेडकरांच्या ग्रंथाच्या मराठी वाचकाला ‘नीती’ हा शब्द वारंवार भेटतो आणि वर सांगितलेला तिचा संकोच वाचनात अडथळा आणतो. यावर उपाय भाषांतरकारांनी नव्हे, बोलणाऱ्यांनी काढला आहे. ‘शील’ हा शब्द गेल्या शतकातील कथाकादंबऱ्यांत जवळजवळ केवळ स्त्रीच्या पावित्र्यापुरता उरला होता. शीलरक्षण, शीलभ्रष्ट हे शब्द पाहावेत. १९५६ नंतर पंचशीलाच्या नित्यपठणामुळे महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत तोच शब्द स्त्रीपुरुष दोघांना सारखा लागू झाला, आणि हत्या, चोरी, व्यभिचार, असत्य व मद्यपान या पाचही गोष्टींपासून दूर राहणे असा त्याचा अर्थ मुलांनाही पाठ झाला. आज एकाच गावच्या दोन आळ्यांत हा शब्द दोन अर्थांनी ऐकू येतो. कोशकाराने या दोन अर्थांच्या दोन नोंदी कराव्यात की एक, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने मला विचारला होता. माझ्या मते नोंद एकच असावी, तीत व्यापक अर्थ प्रथम द्यावा, आणि संकुचित अर्थापुढे तो कोणत्या काळात व कोणत्या वर्गात रूढ झाला याची टीप द्यावी. ‘धर्मा’च्या नोंदीला अशी टीप जोडण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.